परसदाराकडून पाहिलेलं गाव

मी रत्नागिरीला मुलींच्या शाळेत शिकवायला आले तेव्हा चोवीस वर्षांची होते. नवरा वारून तीन वर्षं झाली होती. एकोणीसशे तीसनंतरचे ते दिवस. शाळा तपासायला पुण्याहून आलेल्या एका बाईंनी गाव पायी पाहायची इच्छा सांगितली आणि मुख्याध्यापिकाबाईंनी मला त्यांच्याबरोबर धाडलं. मला स्वतःलाच गाव धड माहीत नव्हतं. शेजारी एक म्हातारे निवृत्त कारकून राहत. आदल्या दिवशी त्यांना विचारून मी वहीत सगळं लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पाठ केलेलं म्हणून दाखवलं.

पाहुण्या बाई खूष होऊन गेल्या. ते गावात कळलं, तशा इथल्याच बायका म्हणू लागल्या, "आम्हालाही दाखवा की." मला नवल वाटलं. पण पुष्कळजणींनी किल्ल्यावरचं भगवतीचं देऊळ सोडलं तर आपल्या आळीपलीकडचं काहीच पाहिलेलं नव्हतं. मग महिन्यातून एका रविवारी, दुपारची जेवणं आटोपली की आम्ही दहा-अकराजणी शाळेपासून निघायचो. बाजार, खालची आळी, जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी उतरून मांडवीचा धक्का, असा आमचा रस्ता. ओटीवर बसलेले पुरुष बोलणं थांबवून आमच्याकडे बघत राहायचे.

खालच्या आळीत एका व्यापाऱ्याचं दुमजली घर होतं. त्याच्या दरवाजाची चौकट कोरीव होती. तिथं थांबून मी दर वेळी सांगायची, "हे घर बांधलं तेव्हा राजापूरचे सुतार वर्षभर इथं राहिले आणि त्यांनी ही चौकट जागेवर बसून कोरली." हे मला कारकुनांनी सांगितलं होतं.

सहाव्या की सातव्या फेरीला समोरच्या बुटक्या दगडी गडग्यावर एक मासळीवाली रिकामी टोपली घेऊन टेकली होती. पन्नाशीची असेल. माझं बोलणं ऐकून ती हसली.

"बाय, तो दरवाजा या घरचा नाय."

"म्हणजे?"

"नाटे गावात एक घर पडलेलं. त्याची चौकट माझ्या सासऱ्यानं होडीतून आणलीन्. हितं मोठी झाली, म्हनून कापलीन् सुतारानं. डाव्या हाताला बगा की."

मी पाहिलं. चौकटीच्या माथ्यावर कोरलेली वेल उजवीकडे पुऱ्या फुलाशी संपत होती. डावीकडे अर्धंच फूल होतं. इतक्यांदा तिथं उभी राहूनही मला ते दिसलं नव्हतं. बरोबरच्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "मावशी, तू पुढच्या वेळी येशील का आमच्याबरोबर?"

"बाजार झाला की येतंय," ती म्हणाली.

ती आली, टोपली काखेत घेऊनच. तिनं आम्हाला रस्त्यावरून नेलंच नाही. तीस वर्षं ती घरोघरी मागच्या दारी मासळी देत आली होती, म्हणून तिचं गाव परसदाराकडून सुरू व्हायचं. एका विहिरीवर मधोमध भिंत होती आणि दोन्ही बाजूंना एकेक रहाट. भाऊ वेगळे झाले तेव्हा विहीरही वाटली गेली होती. पुढं एका भिंतीवर हात ठेवून ती म्हणाली, "हितं दार होतं. चिरं बगा, मधलं अजून तांबडं हायत, बाकीचं काळं पडलंत." माझ्या वहीत यातलं काहीच नव्हतं.

नंतर ती एका स्वयंपाकघराच्या बुटक्या खिडकीपाशी थांबली. "हितनं मी मासळी देतंय. आतली बाय मला आवाजानं वळखते. मी तिचं तोंड कधी बगितलं नाय."

आमच्यातल्या एका वकिलांच्या बायकोनं हळूच पदर सारखा केला. "ती मीच," ती म्हणाली.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग मासळीवाली म्हणाली, "मला वाटलेलं, तू जाडी असशील." सगळ्या हसल्या. वकीलीणबाईही हसल्या.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून घेतलं. दोन घरांतून तक्रार आली होती. मासळीवालीच्या मागून आमच्या बायकांनी गावातून फिरायचं, हे त्यांना पसंत नव्हतं.

"तिला बंद करा, नाहीतर फेरी बंद करा," बाई म्हणाल्या.

मी तिला येऊ नको म्हणून सांगितलं. बाजारात, तिच्या गिऱ्हाइकांसमोर. ती "बरं" म्हणाली आणि सुरमई कापायला लागली.

पुढच्या फेरीला खालच्या आळीत मी चौकटीची खरी हकीकत सांगितली. एका नव्या बाईंनी विचारलं, "हे तुम्हाला कुठून कळलं?"

"चौकशी केली," मी म्हणाले.

वकीलीणबाई मागंच उभ्या होत्या. त्या धक्क्यापर्यंत न येता घरी परत गेल्या. त्या दिवशी धक्क्यावर पोचताच मी फेरी आटोपती घेतली. बायकांना वाटलं, माझी प्रकृती बरी नाही.

चार दिवसांनी शाळा सुटल्यावर मी मासळीवाल्यांच्या वस्तीत, मिरकरवाड्याला गेले. फेरीत मी तिकडं कधी कुणाला नेलं नव्हतं. ती दारात जाळं दुरुस्त करत होती. मी म्हटलं, "माझं चुकलं. तुम्ही परत याल का?"

तिनं मागं वळून पाहिलं. "कोन तुम्ही?" घरात दुसरं कुणी नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं, की 'तुम्ही' मी तिलाच म्हटलं होतं. जाळ्यातली सुई न काढता ती म्हणाली, "शाळेतनं निगायचं नाय. धक्क्यावरनं निगायचं. येनाऱ्या येतील."

पाचजणी आल्या. त्यात वकीलीणबाई होत्या. मुख्याध्यापिकाबाईंना मी आधीच सांगून टाकलं होतं, की हे शाळेचं काम नाही, माझं आहे. त्यांनी मान हलवली आणि पुढं तीन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. तक्रार करणाऱ्या घरांतल्या बायका पुन्हा कधी आल्या नाहीत.

पावसाळ्यात बोटी बंद असत ते महिने सोडले, तर ती फेरी दोन वर्षं चालली. मासळीवाली पुढं, आम्ही मागं. मी वही न्यायची, पण आता बोलायला नव्हे, लिहायला. मग माझी बदली चिपळूणला झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी तिला भेटायला बाजारात गेले. गिऱ्हाइकांची गर्दी होती. तिनं हातानंच थांब म्हणून खूण केली. मी बराच वेळ थांबले. गर्दी सरल्यावर ती म्हणाली, "चिपळुनात मासळी नदीची, भरतीसंगं वर येते. भरतीची वेळ बगून घे, तवा ताजी." एवढंच आमचं शेवटचं बोलणं.