खाली म्हणजे कुठे?

आमच्या इंदूरच्या मराठीत 'खाली' या एका शब्दाने घरात जितकी भांडणं लावली, तितकी कुठल्या नातेवाइकानेही लावली नसतील. आम्ही हिंदीतला 'खाली'ही सर्रास वापरतो आणि मराठीतलाही. डबा रिकामा झाला तरी खाली आणि जिन्याखाली ठेवला तरी खालीच. माझ्या सासूबाई लग्न होऊन साताऱ्याकडून आलेल्या. त्यांनी आपलं मराठी शेवटपर्यंत घट्ट धरून ठेवलं होतं. मी म्हणायची, "तेलाचा डबा खाली आहे." त्या विचारायच्या, "खाली म्हणजे कुठे? रिकामा म्हण, रिकामा." मी इंदूरच्याच परदेशीपुऱ्यातली, वडील मिलमध्ये कारकून, आमच्याकडे डबे कायम खालीच असायचे. मीही काही कमी नव्हते. म्हणायची, "खालीच आहे, पण वरच्या फळीवर आहे." त्या हसायच्या नाहीत.

पुढे त्या अंथरुणाला खिळल्या. वर्षंच्या वर्षं गेली त्यात. कूस बदलायची, पेज भरवायची, चादर बदलायची, पाठीला पावडर लावायची, आणि हे सगळं झालं की पुन्हा पहिल्यापासून. स्नेहलतागंजमधला आमचा फ्लॅट काही मोठा नाही. त्यांनी आतून हाक मारली की बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेल्या माझ्या नवऱ्यालाही ऐकू यायची. ते पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "अगं, आई हाक मारतेय." हाक दोघांना ऐकू यायची, उठायची मी. नोकरी होती तोवर ठीक होतं, माणूस ऑफिसातून थकून येतो. पण रिटायर झाल्यावरही ते तेच म्हणायचे, त्याच आवाजात.

मागच्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या. तेरावा झाला, पाहुणे गेले, घर गप्प झालं. मला तेव्हा एकच गोष्ट हवी होती. ना काशी हवी होती, ना दागिना. कुणी मला शेजारच्या खोलीतून हाक मारू नये, एवढंच.

आणि उन्हाळा सरता सरता बेंगळुरूहून मुलाचा फोन. "आई, आपण चौघं मॉरिशसला जातोय. तू समुद्र कधी धड बघितलाच नाहीस." सुनेला पाचवा महिना लागला होता, डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं होतं. शेवटी तो म्हणाला, "बाकीचं तिकडे बोलू." झालं. मी काही काल जन्मलेली नाही. सुनेची आई लवकर गेलेली, दोघांच्या नोकऱ्या, बाळ दिवाळीत येणार. बाकीचं म्हणजे काय, ते मला फोन ठेवायच्या आत कळलं.

मी नवऱ्याला म्हटलं, "हे फिरायला नेत नाहीयेत, विचारायला नेतायत. आणि मला नाही जमणार आता."

"तू ना, फालतू टेन्शन घेते," ते म्हणाले. "चल, एकदा सारा संसार फिरून घेऊ." आणि उन्हाची टोपी आणायला बाजारात गेले. त्यांचा संसार हिंदीतला, म्हणजे जग. मराठीतला मी करून बसले होते.

बेट सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. कधीकाळी ज्वालामुखीच्या आगीतून वर आलेलं, म्हणून दगड सगळे काळे, भाजल्यासारखे, सच्छिद्र. त्यांच्यापुढे पांढरी वाळू, आणि पाणी उन्हात ठेवलेल्या बादलीतलं असावं तसं कोमट. एका ठिकाणी मातीच सात रंगांची आहे, तांबडी, जांभळी, हळदीसारखी. मुलगा फोटो काढत होता, मी सांगितल्या ठिकाणी उभी राहत होते. बाकी वेळ किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडाखाली चटईवर पडून राहायची. लोक एवढ्या लांब समुद्रात उतरायला येतात, मी झोपायला आले होते. डोळे मिटले की लाटांच्या आवाजातही मला हाक ऐकू यायची आणि मी दचकून उठून बसायची. सून शेजारी सुजलेले पाय पसरून बसलेली असायची. ती म्हणायची, "कुणी नाही आई, झोपा." पोरगी चांगली आहे. तेच तर अवघड होतं.

आमचे हे मात्र खूश. अर्ध्या पँटीत गुडघाभर पाण्यात उभे. बॅगेतून सेव आणि जिरावनची पुडी घेऊन आले होते, आमच्याकडे पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला. हॉटेलच्या नाश्त्यावर ते रोज जिरावन घालायचे, मला लाज वाटायची. मग किनाऱ्यावर एक माणूस अननसाला तिखटमीठ लावून विकताना दिसला, तर यांना जिवाचा भाऊ भेटला. "देख, भिया, ये लगा के खा," म्हणून त्यालाच जिरावन खिलवलं. त्याने बोट चाटून मान डोलावली. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

रोज संध्याकाळी वाटायचं, आता विषय काढतील. जेवण व्हायचं, आइस्क्रीम यायचं, विषय यायचा नाही. त्या वाट बघण्यानेच मी जास्त दमले. एकदा गाडीतून जाताना उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसले. ड्रायव्हर म्हातारा होता, भोजपुरीमिश्रित हिंदी बोलायचा. तो म्हणाला, आमचे पणजोबा हिंदुस्तानातून आले, त्यांनी हे दगड हातांनी उचलून शेतं मोकळी केली. यांनी गाडी थांबवून ढिगापुढे फोटो काढला. मी गाडीतच बसून राहिले. त्या माणसांची पाठ रात्री त्यांच्या बायकांनी चोळून दिली असेल, आणि त्याही दिवसभर शेतातच होत्या. हे उगाचच माझ्या मनात येत राहिलं, कुणी विचारलंही नव्हतं.

शेवटून दुसऱ्या दिवशी आम्ही ज्वालामुखीचं तोंड बघायला गेलो. मी मनात धूर, राख असलं काहीतरी धरलं होतं. कसलं काय. गावाच्या मधोमध उंचावर एक भलामोठा खळगा, कडेने गोल रस्ता, लोक तिथे चालायला येतात. खळग्याच्या उतारावर दाट झाडी, तळाला जरासं गढूळ पाणी. बेटावर सगळीकडे ऊन आणि इथे बारीक भुरभुर, गारवा. यांनी ड्रायव्हरला विचारलं, "क्यों भिया, ये अब फटेगा तो नहीं?"

तो म्हणाला, "मरल नइखे. सूतल बा." म्हणजे मेला नाही, झोपलाय.

"झोपू दे बिचाऱ्याला," मी म्हटलं.

कठड्याशी आम्ही चौघं उभे होतो. मुलाने घसा साफ केला. तो लहानपणी मार्कं कमी पडली की असाच घसा साफ करायचा. म्हणाला, "आई, मी काय म्हणतो, आजी तर गेली. आता तू खालीच आहेस ना. तर बेंगळुरूलाच ये. एक-दोन साल. बाळ थोडं मोठं होईपर्यंत."

मी तळातल्या पाण्याकडे बघत होते. त्याचं काही चुकलं नव्हतं, आम्ही असंच बोलतो, मीच त्याला ते मराठी दिलं. पण तो शब्द मला लागला. मला राग आला, सरळ राग.

"तुझी आजी असती तर म्हणाली असती, खाली म्हणजे कुठे," मी म्हटलं. "मी खाली नाहीये रे. मी दमलेय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

मी तिथेच थांबायला हवं होतं की नाही, माहीत नाही. थांबले नाही. "खाली तर तुझे बाबा आहेत. ऑफिस सुटल्यापासून खालीच आहेत. त्यांना घेऊन जा."

मुलगा हसला. हे तर खो खो हसले, टोपी सावरत म्हणाले, "वा! मला? लंगोट बांधायला?" मी हसले नाही. आणि सूनही हसली नाही. पोटावर हात ठेवून ती यांच्याकडे वळली आणि अगदी साधेपणाने विचारलं, "बाबा, याल?"

यांचं हसू ओठांवरच राहिलं. "अगं, पण मला काय येतं?"

"मला तरी कुठे येत होतं," मी म्हटलं. "आईंची कूस बदलायला मी माहेराहून शिकून नव्हते आले."

हे कठड्यावर हात टेकून खाली बघत राहिले. मग ड्रायव्हर म्हणाला पाऊस वाढेल, आणि आम्ही गाडीत बसलो. मुलगा पुढे बसला होता, त्याने मागे वळून बघितलं नाही. हॉटेलात आल्यावर मी बाथरूमचा नळ सोडून रडले. पोराला मी कधी नाही म्हटलं नव्हतं. रडले, पण शब्द मागे घेतला नाही. घेण्याइतकी ताकदही नव्हती.

दिवाळीत नात झाली. हे गेले, खरंच गेले. जाताना जिरावनच्या पुड्या, पायजमे, सगळं स्वतः भरलं आणि गुडघ्याचा पट्टा इथेच विसरले. बारशाला मी जाऊन आले. नातीला मांडीवर घेतलं तेव्हा वाटलं, राहावं. तिच्या डोक्याचा वास किती दिवस माझ्या पदराला होता. तरी परतले. शेजारणी विचारतात, असं कसं हो, आजोबा तिकडे आणि आजी इकडे? विचारू देत. मी दुपारी जेवते, गॅलरीचं दार लावते आणि झोपते. उठते ती आपणहून.

परवा दुपारी यांचा फोन आला. एरवी ते नातीचंच सांगतात, आज किती दूध घेतलं, आज कशी हसली. परवा एकदम म्हणाले, "दमलो गं." चाळीसेक वर्षांच्या संसारात हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

मग तेच म्हणाले, "आईची हाक मला ऐकू यायची. पहिली हाकच ऐकू यायची. मला वाटायचं, तू आहेसच."

हे ऐकायला सासूबाई हव्या होत्या, असं वाटलं.

"काय करतेयस आता?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "रिकामी आहे."

तेवढ्यात पलीकडून बाळ रडायला लागलं. हे तसेच फोन धरून बसलेले, मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"अहो," मी म्हटलं, "हाक मारतेय ती."