कोटातला फोटो

आमच्या कामात मेलेल्या माणसाचा फोटो मिळवणं हे वेगळं कसब मानलं जायचं. अपघाताच्या जागेचा फोटो कुणीही काढी. घरी जाऊन भिंतीवरची तसबीर किंवा ट्रंकेतला जुना फोटो मागून आणी, तो खरा. ऐंशीच्या दशकात मी एका सांजदैनिकात होतो आणि मला हे चांगलं जमायचं.

एका सकाळी साकीनाक्याच्या एका वर्कशॉपला आग लागली. मी पोचलो तेव्हा एक कामगार गेला होता; मागच्या दाराला कुलूप होतं, त्याला बाहेर पडता आलं नव्हतं. बाहेर उभ्या असलेल्या त्याच्या सोबत्याला मी घरचा पत्ता विचारला. घाटकोपरच्या डोंगरावरची वस्ती, नळाच्या वर तिसरी खोली. घरी अजून कुणी कळवलेलं नाही, तो म्हणाला, कोणत्या तोंडाने जायचं? हे मी नीट ऐकलं आणि रिक्षा केली. बाराच्या आत फोटो हवा होता.

दार उघडंच होतं. त्याची बायको तांदूळ निवडत बसली होती. मला बघून ती हसली. तिथूनच मागे फिरता आलं असतं. मी म्हटलं, कारखान्यातून आलोय, ओळखपत्राला फोटो लागतोय.

"आता आठवण झाली होय शेठला? सहा वर्षं राबतायत तिथे."

तिने शेजारून साखर आणून चहा टाकला आणि ट्रंक उघडली. दोन फोटो निघाले. एक गोराईला काढलेला, उन्हात डोळे बारीक केलेला. दुसरा स्टुडिओतला, कोट घातलेला. कोट स्टुडिओवाल्याचाच, हे तिने हळूच सांगितलं, जणू मी ते शेठच्या कानावर घालणार होतो.

"हाच न्या भाऊ. ह्यात ते साहेब दिसतात."

चहा अर्धा टाकून मी उठलो.

संध्याकाळी पहिल्या पानावर कोटातला माणूस छापून आला. आमचे चीफ रिपोर्टर "झकास" म्हणाले. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःची समजूत घालत होतो, की चेहरा दिसल्यामुळेच लोकांना त्या वर्कशॉपचं कुलूप लावलेलं मागचं दार खुपलं. पण त्या कुलपाचाही फोटो मी काढला होता. तो आतल्या पानावरसुद्धा गेला नाही आणि मी त्यासाठी भांडलोही नाही.

आठवड्याने फोटो परत द्यायला गेलो. भिंतीवर खिळा ठोकून तयार होता, मोकळा. तिने फोटो पदराने पुसला. मी पेपरवाला आहे हे तिला एव्हाना कळलं होतं. तिने एवढंच विचारलं,

"भाऊ, तुम्ही इथे चहा पीत होता, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

खरं सांगायला तीच वेळ होती.

"नाही वहिनी."

"मग बरं," ती म्हणाली. "मी किती हसत होते तुमच्यासमोर. ठाऊक असून तुम्ही बघत बसला असाल, असं सारखं मनात येत होतं."

फोटो खिळ्याला अडकवून तिने स्टोव्ह पेटवला. त्या दिवशीचा अर्धाच राहिला होता, म्हणाली, आज पुरा पिऊन जा.

मी बसलो आणि पुरा प्यायलो.