एका मात्रेसाठी वडनेर, शेगाव, पिंपळगाव

मावशीच्या गाण्यांचं पुस्तक छापून झालं आणि ते घेऊन तिच्यासोबत तीन बाजार करायचं ठरलं, तेव्हा मी छापखान्यातून तीन दिवसांची रजा घेतली. मी खामगावला एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतो. शिक्षण सातवीपर्यंत, तेही अर्धवट. पण शुद्धलेखनात मालक माझ्यावर विसंबतात. निघण्याआधी पुस्तकांचा गठ्ठा मेणकापडात बांधला, सोडला आणि पुन्हा बांधला.

गिरजामावशी पिंपळगाव राजाची. वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर लावते, बाजारोबाजारी विकते आणि विकता विकता खंजिरीवर स्वतः रचलेली गाणी म्हणते. तिला लिहिता-वाचता येत नाही. गाणी मी तिच्या तोंडून उतरवून घेतली. मागे एका गाण्याच्या मंडळीने तिला बोलावलं होतं. ती म्हणाली, "दुसऱ्यानं लिवलेलं म्या काऊन गाऊ? माह्यं सरलं का?" तेव्हापासून ती एकटीच गाते, आणि ज्या गावी बाजार, तिथे बाया तिची वाट पाहतात.

पहिला मुक्काम वडनेर भोलजी. खामगावहून सकाळची एस.टी. नांदुऱ्यावरून जाते. डाव्या बाजूला बसा, ऊन लागत नाही. नांदुऱ्यापर्यंत रस्ता बरा आहे, पुढे गाडी इतकी उडते की मी गठ्ठा मांडीवरच धरून बसलो होतो.

"अंडे हायेत का बे त्याच्यात?" मावशीने विचारलं.

बाजारात लिंबाखाली मावशीने टोपली मांडली. वांगी अर्धी विकली गेल्यावर खंजिरी काढली. बाया आपापलं पोतं शेजारणीच्या भरवशावर टाकून आल्या. गाणं असं होतं:

मळ्यानं सकाळी हाक देल्ली मले,
म्या पाय धुतले अन् पाट भरले.
पानी म्हने, बाई, काय देऊ तुले,
वांग्याचे रोप तं आताच डोलले.

प्रत्येक ओळीच्या शेवटच्या 'ले'वर सगळ्या बाया मिळून टाळी देतात. हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. मी मागे उभा होतो आणि ऊर भरून आला होता. मग मावशीने सांगितलं, "आता हे कागदावर भेटते. माह्या बहिनीच्या पोरानं छापलं."

चौथी शिकलेली सुमन नावाची एक नवी सून पुढे झाली. तिने पुस्तक उघडलं आणि मोठ्याने, चालीवर वाचायला लागली: "मळ्यानं सकाळी हाक दिली मला, मी पाय धुतले अन् पाट भरले..."

टाळ्या अर्ध्याच वाजल्या. काही हात नुसतेच वर राहिले.

मिरच्या विकणारी एक म्हातारी म्हणाली, "हे गानं पुन्याहून आलं वाट्टे वं."

"आली शायनी," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. सुमनने पुस्तक अलगद गठ्ठ्यावर ठेवलं. "आमच्या गिरजाबाईचं पायजे होतं, काकू," ती मावशीला म्हणाली, "हे कोन्या मास्तरनीचं हाय." त्या बाजारात एकही पुस्तक गेलं नाही.

चूक माझी होती. जुळवताना मी सगळीकडे 'मले'चं 'मला', 'तुले'चं 'तुला' केलं होतं. महाराष्ट्र नुकताच एक झालेला. वाटलं, पुस्तक उद्या पुण्या-मुंबईलाही जाईल, आपल्या मावशीला तिथे कोणी हसू नये. मुद्रितं चार वेळा तपासली. टाळी कुठे पडते, ते एकदाही पाहिलं नाही.

दुपारी नांदुऱ्याच्या स्टेशनवर शेगावच्या गाडीची वाट पाहताना सांगून टाकलं. मावशी भाकर आणि ठेचा खात होती. तिने घास खाली ठेवला.

"तुले माही लाज वाटली का रे, नारायन?"

"नाही, मावशी. लोकं हासतीन असं वाटलं मले."

"हासले ना. आपलेच हासले."

गाडी आली. जालंबपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "'ला'चा 'ले' कसा होते?"

मी बोटाने खिडकीच्या गजावर दाखवलं. 'ल'पुढची उभी रेघ, तो काना, खोडायचा आणि डोक्यावर एक तिरपी रेघ द्यायची. तिला मात्रा म्हणतात.

"एवढंच?"

"एवढंच."

"मंग ते म्या देतो."

शेगावला उतरल्यावर आधी दर्शन घ्या. सकाळी लवकर गेलात तर रांग छोटी असते. स्टेशनाजवळची कचोरी गरम असेल तरच घ्या. आम्ही तिथला बाजार सोडून दुसरा दिवस धर्मशाळेच्या ओट्यावर काढला. मी काना खोडायचो, 'दिली'सारखे शब्द सुधारायचो. मावशी मात्रा द्यायची. पहिल्या दहा पुस्तकांत तिची रेघ वरच्या ओळीत घुसली. दौत दोनदा भरून आणली. ओट्यावरचे एक यात्रेकरू आजोबा बराच वेळ बघत होते.

"बाई, एवढं काय लिवून राह्यल्या?"

"माहं गानं," मावशी मान वर न करता म्हणाली.

ती आयुष्यात पहिल्यांदा कागदावर काही लिहीत होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

तिसऱ्या दिवशी खामगावहून गाडी बदलून पिंपळगाव राजा. गावचाच बाजार, म्हणून मला जास्त धास्ती. मावशीने गाणं म्हटलं, मग एका शाळेतल्या मुलीकडून पुस्तकातून म्हणवून घेतलं. 'मले' आलं आणि सगळ्या हातांची एकच टाळी पडली. मुलीने पुढच्या ओळी वाचल्याच नाहीत. बायाच म्हणत होत्या.

एकीने पान डोळ्यांजवळ धरलं. "ह्या शाईच्या रेघा कोनाच्या वं?"

"माह्या हातच्या."

"मंग मले हेच दे. रेघा मोठ्यावालं."

संध्याकाळी मेणकापड रिकामं घडी करून मी पिशवीत ठेवलं.

मी आता परत खामगावला आहे. गेल्या आठवड्यात वडनेरहून भाजीच्या गाडीवाल्यासोबत सुमनचा निरोप आला: पिंपळगावची गोष्ट कळली, रेघांवालं पुस्तक वीस बायांना हवं आहे. दुसरी आवृत्ती मीच जुळवायला घेतली. तिसऱ्या पानावर मात्रांचे खिळे संपले. एवढे 'ले' आमच्या छापखान्यात कधी लागलेच नव्हते.

मालक म्हणाले, "काने पडलेत ढिगाने. 'ला' घाल."

मी म्हणालो, "नको. 'ल' तसाच सोडतो."

"अशुद्ध छापणार? तू?"

"हो."

पुस्तकं 'मल' आणि 'तुल' अशी छापून झाली आहेत. रविवारी गठ्ठा घेऊन पिंपळगावला जातो आहे. मावशीने दौत भरून ठेवली आहे.