ड्रायरखालची वाचक

अमेरिकेतल्या डरहॅमच्या आमच्या गल्लीत अर्लीथा गेदरबाईंच्या पाठांतराला तोड नव्हती. रेडिओवर नवं गाणं दोनदा वाजलं की तिसऱ्या वेळी गायकाच्या आधी याच कडवं म्हणून मोकळ्या! टीव्हीवर कुणी आपलं माणूस, काळं माणूस दिसलं की फोन फिरवून अख्खी गल्ली जागी करायच्या. चाळीस वर्षं त्यांनी तंबाखूच्या कारखान्यात पानांच्या शिरा सोलल्या, त्याही गात गातच. येत नव्हतं फक्त वाचायला. पण ते त्यांनी जिवंतपणी कुणाला कळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं.

दर शनिवारी त्या व्हर्लीनच्या पार्लरमध्ये केस सेट करायला जात. तिथे फळीवर आपल्यातल्याच बायकांनी आपल्याच बायकांवर लिहिलेल्या कादंबऱ्या असायच्या. रोलर लावून डोक्यावरच्या टोपासारख्या ड्रायरखाली बसलं की जी ती एक उचलायची. अर्लीथाबाईही उचलायच्या. शेजारणीनं पान उलटलं की थोड्या वेळानं त्याही उलटत, ती हसली की हसत.

ड्रायरचा आवाज कानात इतका घोंघावतो की आत बसलेलीला वाटतं आपण कुजबुजतोय, आणि ऐकू जातं रस्त्यापर्यंत. पाद्रीबुवांच्या भानगडी गावाला अशाच कळलेल्या. हे सगळ्यांना ठाऊक, तरी प्रत्येकीची एकदा फजिती व्हायचीच.

एका शनिवारी शेजारच्या बर्नीसनं ओरडूनच विचारलं, "ओपल नवऱ्याला सोडून जाते, ते बरोबर वाटतं का हो तुम्हाला?"

ओपल ही त्या कादंबरीतली बाई. अर्लीथाबाई कोंडीत सापडल्या. बर्नीसकडे झुकून त्या अगदी हळू म्हणाल्या, "पोरी, कुणाला सांगू नकोस हं. मला वाचता येत नाही. मी नुसती पानं उलटते."

व्हर्लीनच्या हातातला केस सरळ करायचा गरम कंगवा जागच्या जागी थांबला. कुणीतरी पटकन रेडिओ मोठा केला. ड्रायरखालून बाहेर आल्यावर कुणीच नजरेला नजर देईना, तेव्हा बाईंना काय झालं ते कळलं. कुणी हसलं असतं तर परवडलं असतं. त्या घरी गेल्या आणि तीन शनिवार डोक्याला रुमाल बांधून बसल्या.

चौथ्या शुक्रवारी व्हर्लीन त्यांच्या दारात उभी राहिली. "परवा ईस्टर. या अवतारात चर्चला जाणार?"

"टोपी घालीन."

"टोपीखाली काय कोबी असतो, मिस अर्लीथा? उद्या दहाला या."

त्या गेल्या. सगळ्यांचे केस अर्धे सुकले असतील, तेवढ्यात व्हर्लीननं सगळे ड्रायर बंद केले, ते ओपलचं पुस्तक घेतलं आणि मोठ्यानं वाचायला लागली.

"अगं, माझे केस ओले आहेत!" बर्नीस करवादली.

"राहू देत. गप ऐक."

अर्लीथाबाई ताडकन उठल्या. "व्हर्लीन, माझी कीव करायची नाही, सांगून ठेवते!"

"कीव? माझ्या मुलीला चर्चमधली गाणी ओळन् ओळ कुणी शिकवली? ती कीव होती का? मग बसा खाली."

बाई बसल्या. पुस्तकातली ओपल एक पेटी घेऊन दारापर्यंत आली आणि घुटमळली. "अगं जा की! मागं काय बघतेस?" अर्लीथाबाई ओरडल्या, आणि त्यांचं त्यांनाच हसू फुटलं. मग सगळं पार्लर हसलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या सगळ्यांच्या आधी हसल्या होत्या.

"आण इकडे ते पुस्तक," त्या म्हणाल्या. "यात ओपल कुठली?"

व्हर्लीननं दाखवली. बाईंनी त्या शब्दावर बोट ठेवलं आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग बोट हळूहळू ओळींवरून खाली सरकलं, आणखी खाली, आणि थांबलं.

"ही पण तीच ना गं?"

"तीच, मिस अर्लीथा."

"थांब, सांगू नकोस आता," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पान उलटलं.