बोक्याचं पाणी कोंडलं तवा

जनावराला हात लावायच्या आदी चाचा दोनी हात काखंत घालून उभं राहायचे. लोक हसायचे. "तुला थंड हातानं धरलं तर?" चाचा एवढंच म्हणायचे. नळदुर्गाकडचे असाल तर तुमीबी त्यांना पाह्यलं असंल. निजामाच्या घोड्यांचे सलोत्री, म्हंजी जनावरांचे वैद. म्हातारपणी आमच्या गल्लीत राहायला आले. बैलालाबी आहो-जाहो करायचे. "चला मालक, पाय उचला." अन् बैल उचलायचा, खरंच.

तवा माझी लेक तान्ही. उंदीर तिच्या अंगठ्याला चावला, म्हणून आमी बोका पाळला. तो बोका एक दिस चुलीच्या राखंत बसून कण्हाया लागला. बसतोय, जोर करतोय, काय होईना. म्या समजले पोट साफ न्हाय. सासूबाई तेर गावाला गेलत्या. म्या एरंडेल पाजलं. एक दिस, दोन दिस, तीन दिस. मंग तो ओकाया लागला, अन् तवाच सासूबाई आल्या.

"मांजर हातानं मेलं तर पाप लेकरावर येतं गं!"

लेक काखंत, बोका टोपल्यात, पळतच चाचांकडं. मागनं सासूबाई.

चाचांनी हळू पोट चाचपलं. "हगणं न्हाय बेटी, मूत कोंडलंय. पिशवी दगडावाणी झालीय. कवापासनं?"

"सकाळधरनं."

"काय पाजलं?"

"काय न्हाय." दारात सासूबाई हुब्या, काय सांगू?

"सकाळचंच हाय तर घाई नको. दोन दिस झाले असते तर आत्ताच चिरलं असतं."

म्या ऐकलं. तरी लेकीचं टोपडंच नीट करत बसले.

त्यांनी बोटांनी चोळून चोळून चार थेंब काढले. थेंबात वाळू. "उद्या उजाडलं की शेपटीखाली वाट करू. बैलाला करतो तशी."

सकाळी चाकू उकळला. म्या बोक्याचे पाय धरले. चाकू लागतो न लागतो तोच काळं-लाल पाणी आलं अन् बोका माझ्या हातात ढिला पडला. चाचांनी ते पाणी वाटीत धरलं, हुंगलं, एका दिसाचा वास नव्हता तो, अन् माझ्याकडं पाह्यलं. लई वेळ. आता बोलतील, आता बोलतील.

"काय झालं ओ?" सासूबाई.

"माझा हात चुकला, बाई. पाप माझ्यावर."

मंग गल्ली त्यांना चिडवायची, "चाचा, आमच्या घरी मांजर हाय, लांबनं जावा!" ते हसायचे. पर चाकू परत धरला न्हाय. एक जण मूत कोंडलेला बैल घेऊन आला तर त्याला हात जोडले, "दुसरीकडं न्या. माझा हात चुकतो." दुसरीकडं म्हंजी कुठं? बैल वाटंतच मेला.

आज सांगते, उद्या सांगते, असं म्या रोज म्हणायची. तेवढ्यात निजामाचं राज गेलं, फौज आली, अन् गल्लीतली मुसलमानांची घरं एका दिसात रिकामी झाली. चाचा कुठं गेले कुणी सांगंना. कुणी म्हणायचं सोलापूर, कुणी म्हणायचं इचारू नको.

चार दिसांनी म्या गेले. दार सताड उघडं. आंगणात त्यांची शेळी. तिच्या पायाला त्यांनी बांधलेली पट्टी सुटून मातीत लोळत व्हती.

म्या खाली बसले. "तीन दिस झालते चाचा. एरंडेल म्याच पाजलं," शेळीलाच सांगितलं.

मंग पट्टी बांधली. त्यांच्यावाणी जमली न्हाय.