काचेवरचा भाऊ

स्टुडिओत तिला सगळे रंगवाली म्हणत. ज्या काचेवरून फोटो कागदावर छापत, तिच्यावरचे डाग, ओरखडे खिडकीपाशी बसून बारीक कुंचल्याने बुजवायचे, हे तिचं काम. मालक म्हणायचा, "हिच्या काचेवर बसण्याआधी माशीनेसुद्धा विचार करावा!"

धाकट्या भावाच्या पायाला मात्र भिंगरी. एका जागी ठरेल तर शपथ. धबधब्याचा फोटो काढताना तो केवढा ते कळावं म्हणून मालकाने भावाला कड्यावर उभं केलं, तेव्हा तिनेच बजावलं, "हललास तर फोटोत नुसतं धूसर भूत उमटेल. श्वास रोखून धर." गडी जन्मात पहिल्यांदा हलला नाही.

तो फोटो असा गाजला, की जिथे कुत्रं फिरकत नव्हतं तिथे पाहुण्यांची रीघ लागली. लोक फोटो हातात धरून धबधबा पडताळून पाहत, जणू खरा तो कागदावरचाच. त्यांना कड्यावर माणूसही हवा असे. भाऊ रोज उभा राहू लागला. तिसऱ्या वर्षी शेवाळावरून त्याचा पाय घसरला. देहसुद्धा हाती लागला नाही.

"त्याला पुसून टाक," मालक म्हणाला. "लोक घाबरले तर यायचे बंद होतील." बोलताना त्याची जीभ कशी झडली नाही कोण जाणे.

काचेवर सगळं उलटं असतं. पांढरं पाणी काळं दिसतं, काळ्या कोटातला माणूस कोरा, आरपार. ते कोरेपण तिने उजेड अडवणाऱ्या लाल रंगाने भरलं. छापलेल्या फोटोत भाऊ पाण्यात विरून गेला. काचेवर मात्र नखशिखांत लाल होऊन उभा राहिला.

रंग दरवर्षी सुकून उडे. मग छापताना पाण्यात कधी बूट दिसे, कधी कोपर. मालक धावत येई आणि ती पुन्हा भरून देई. आपल्याच हाताने आपण त्याला पुन्हापुन्हा पाण्यात लोटतो आहोत, असं तिला वाटे.

घरी त्याचा एकही फोटो नव्हता. रोज डोळ्यांसमोर असलेल्या माणसाचा कोण जपून ठेवतं? भिंतीवर होता तो पुसलेलाच. आईने विचारलं होतं, "यात कुठे गं तो?" तिने पाण्यावर बोट ठेवलं होतं. "इथेच आहे, पाण्याआड."

नवव्या वर्षी तिला राहवेना. आईच्या डोळ्यांत थोडी नजर आहे तोवर तरी! तिने ओल्या कापसाने सगळा रंग पुसला, एक प्रत छापली आणि घरी नेली.

आईने कागद नाकाशी धरून खूप वेळ पाहिला. "कोण गं हा?"

"आई, आपला..."

"छे! आपला कधी असा खांबासारखा उभा राहिलाय?" आईने कागद परत दिला आणि भिंतीवरच्या फोटोतल्या पाण्यावरून हात फिरवला. "माझा इथे आहे तोच बरा. इथे हलतो तरी."

दुसऱ्या दिवशी मालक यायच्या आत रंगवाली खिडकीपाशी बसली, लाल रंग कालवला, आणि श्वास रोखून भावाला भरू लागली.