एकवीस नंबरची स्लाइड आणि अण्णांचं टेंगूळ

आधीच सांगून टाकते, या सदरातले अनुभव वाचून चहाच्या कपाआडून हसणाऱ्यांपैकी मी आहे. संकेत, चाहूल, अंतर्ज्ञान... माझा कशावरच विश्वास नव्हता. कामच तसं — झाशीतल्या एका प्रयोगशाळेत मी मेंदूला मार लागल्यावर येणाऱ्या सुजेवर संशोधन करते. उंदरांच्या मेंदूचे पातळ काप काचेवर घ्यायचे आणि मायक्रोस्कोपखाली पेशी मोजत बसायचं. माझे वडील, अण्णा, रेल्वेतून रिटायर झालेत. ते मला 'उंदीरवाली' म्हणतात.

त्या दिवशी सकाळी अण्णा बडा बाजारातून पूजेचं सामान घेऊन येताना स्कूटरवरून पडले. गाय आडवी आली म्हणे! सीपरीतल्या आमच्या घरी पोचले ते डाव्या कानाच्या वर रुमाल दाबून.

"अण्णा, दवाखान्यात चला," मी म्हटलं.

"अगं, कुछ नहीं, जरासं टेंगूळ आहे. चक्कर नाही, उलटी नाही. बघ, नारळसुद्धा शाबूत आहे. तू जा, तुझे उंदीर वाट बघतायत."

आणि मी गेले! मार एकदाच लागतो, खरा घात मागाहून होतो, हे जगाला सांगत फिरणारी मी, मोजणीला उशीर होतोय म्हणून निघून गेले. त्याची लाज मला आजही वाटते.

आमच्या लॅबची एक पद्धत आहे. स्लाइडवर फक्त नंबर असतो. उंदीर जखमी होता की धडधाकट, हे मोजणाऱ्याला माहीत नसतं. दोघीजणी वेगवेगळं मोजतात आणि मगच यादी उघडतात. माझ्यासोबत मोजते ती माझी विद्यार्थिनी जुही.

दुपारी एकवीस नंबरची स्लाइड लावली. डाव्या बाजूला नुसता हलकल्लोळ! मेंदूतल्या पहारेकरी पेशी एरवी बारीक फांद्या पसरून शांत असतात. इथे त्या फुगून, गोल होऊन एकाच जागी गोळा झालेल्या. उजवी बाजू स्वच्छ. मी आकडा लिहिला, जुहीने तिचा लिहिला. दोन्ही आकडे तंतोतंत सारखे — असं सहसा होत नाही. यादी उघडली, तर एकवीस नंबरचा उंदीर धडधाकट. जिवंतपणी त्याला कुणी टिचकीही मारली नव्हती.

मी जुहीवर उखडले. "स्लाइड बदल दी क्या तुमने?"

"कसम से मॅडम, डिब्बा आपके सामने ही तो खोला था."

मी पुन्हा वाकून पाहिलं. डावी बाजू... कानाच्या वरची जागा... अण्णांनी रुमाल दाबला होता तीच! घरी फोन लावला.

"झोपलेत गं," आई म्हणाली. "थक गए बेचारे, झोपू दे."

अण्णा दिवसा झोपत नाहीत. झोपणाऱ्यांची टर उडवतात.

"आई, त्यांना हलवून उठव. आत्ता!"

मला फोनवर तिच्या हाका ऐकू आल्या. "अहो... अहो, उठा ना..." मग ती रडवेली होऊन म्हणाली, "अगं, डोळे उघडतात नि परत मिटतात!"

शेजारच्या भैयांनी त्यांना गाडीत घालून हॉस्पिटलमध्ये नेलं, मी तिथेच पोचले. डोक्यात रक्त साकळलं होतं — डावीकडे, बरोबर कानाच्या वर. ताबडतोब ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "सही टाइम पर ले आए आप लोग." मी तिथेच भोकाड पसरलं.

तिसऱ्या दिवशी अण्णा नीट शुद्धीवर आले आणि पहिलं वाक्य बोलले, "उंदीरवाली, तो नारळ अजून तसाच ठेवलाय? फोडा की आता!" आई हसता हसता रडत होती. मला तर जग जिंकल्यासारखं वाटलं.

लॅबमध्ये परतल्यावर आधी एकवीस नंबर काढली. तीच काच, कोपऱ्यावर तोच तिरपा ओरखडा. मेंदू मात्र दोन्हीकडे निर्मळ, एकही पेशी फुगलेली नाही. जुहीनेही वाकून पाहिलं, पुन्हा मोजलं. भास म्हणावा, तर दोघींना एकच भास, तोही आकड्यासकट? रंग तपासला, लेन्स तपासली, डबा तपासला... आजपर्यंत उत्तर मिळालेलं नाही.

वहीतला आकडा खोडायचा नाही, हा आमचा नियम. स्लाइड अभ्यासातून वगळली, तर शेजारच्या रकान्यात कारण लिहावं लागतं.

"मॅडम, रीज़न में क्या लिखूँ?" जुहीने विचारलं.

मी तिच्या हातातून पेन घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं, 'कारण माहीत नाही.' रकान्यात थोडी जागा उरली होती. तिथे लिहिलं — 'अण्णा घरी आले.'